दोऱ्यांना पडलेला झोल

ही गोष्ट खरी आहे. मानायची की नाही ते तुम्ही ठरवा.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही. भुताचं नाव काढलं तरी आई अंगावर येते.

आणि ती रात्रही नव्हती.

२००६ चा मे महिना. पांढरकवड्याच्या बाहेर, हायवेला लागून असलेली एक बंद जिनिंग, कापसातून सरकी काढायचा कारखाना. भर दुपार.

त्या हंगामात कापसाचं सगळंच बिनसलं होतं. जिनिंगमध्ये गाड्या येईनाशा झाल्या. बरेच मजूर घरी बसले. उरलेल्यांत माझा धाकटा भाऊ संघदीप होता आणि म्हातारे फिटर रामलालकाका. आता कोणाला काढणार, यावरून दोघांचं सगळ्यांसमोर कडाक्याचं भांडण झालं.

दुसऱ्याच दिवशी रामलालकाका डोकं फुटून मेले. आत ते दोघंच होते.

पोलिसांचं म्हणणं, काका समोर उभे असताना संघदीपने त्यांच्या डोक्यात सळई घातली.

संघदीप जेलच्या जाळीमागून एकच सांगायचा. "ताई, मी नाही मारलं वं. काका मशीनचा पट्टा बसवून राह्यले होते. उकिडवे, मान खाली घालून. पट्टा तुटला अन् सट्टकन लागला त्यायले. मी दारात होतो."

मालक म्हणाला, पट्टा तर आधीपासूनच तुटलेला होता.

म्हणजे काका उभे होते की बसलेले? माझ्या भावाचं आयुष्य या एका प्रश्नावर टांगलं होतं.

आणि त्याचं उत्तर भिंतीवर होतं... रक्ताच्या थेंबांत.

थेंब सरळ आपटला तर डाग गोल पडतो. तिरका आला तर लांबट. डागाची रुंदी भागिले लांबी, की थेंब कोणत्या कोनात आला ते कळतं. हे मी पोरांना शाई उडवून शिकवत असे. प्रत्येक डागापासून त्या कोनात दोरा ताणायचा. सगळे दोरे जिथे एकमेकांना छेदतात, तिथून रक्त उडालं.

वकिलांनी कोर्टाची परवानगी काढली. मी आईचा गोधडी शिवायचा दोरा, कोनमापक आणि पट्टी घेऊन निघाले.

आई दारात उभी होती. "कमी उंची निघू दे वं, पोरी," एवढंच म्हणाली. तिच्या डोळ्यांत बघवेना.

माझ्यासोबत पूनमसिंग नावाचे हवालदार होते. त्यांनी सील काढलं.

आत गरम, कोंदट हवा. लाइटचं कनेक्शन केव्हाच कापलेलं. इतक्या दिवसांत रुईची धूळ सगळीकडे बसली होती. मशीनवर, जमिनीवर, खिडकीच्या गजांवर.

फक्त एक जागा सोडून.

मशीनच्या पुढ्यात, उकिडवा माणूस बसेल एवढी जागा... लख्ख होती.

"झाडलं का कोणी?" मी विचारलं.

"सील होतं ना, म्याडम," पूनमसिंग म्हणाले.

मी कामाला लागले. एकेक डाग मोजला, एकेक दोरा चिकटवला आणि दुसरं टोक समोर उभ्या केलेल्या बांबूला ताणून बांधलं. घामाने हात निसटत होते.

शेवटचा दोरा बांधून मागे सरले.

दोरे एकमेकांना छेदत होते... माझ्या डोळ्यांसमोर. उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर.

"म्याडम, हे तं वरच येऊन राह्यलं," पूनमसिंग हळूच म्हणाले.

मी पुन्हा मोजलं. तेच. परत मोजलं. तेच!

भावाला सोडवायला आले होते आणि माझ्याच हातांनी त्याला फासाकडे ढकलत होते. मी खाली बसले आणि रडले. कोणी बघतंय याची लाज वाटली नाही.

आणि तेव्हा आवाज आला.

फट्...

पट्टा चाकावर आपटल्याचा.

फट्... फट्...

वीज नव्हती. चाकं जागच्या जागी होती. पूनमसिंग दारातून दोन पावलं मागे गेले, पण पळाले नाहीत. तेवढ्यासाठी मी आजही त्यांचे उपकार मानते.

आवाज थांबला.

मग दोरे हलले.

वारा नव्हता. ताणून बांधलेले दोरे... सावकाश झोल खाऊ लागले. एकेक करून नव्हे, सगळे एकदम. जणू कोणी दोरे मुठीत धरून खाली बसत होतं.

दोन्हीकडच्या गाठी जशाच्या तशा होत्या. दोरे मधूनच खाली आले. खाली... आणखी खाली... आणि थांबले.

त्या लख्ख जागेच्या बरोब्बर वर. उकिडव्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर.

मी त्या झोलाकडे बघत राहिले. ती वाकलेली रेघ मी दरवर्षी फळ्यावर काढते. फक्त उलटी. उडवलेला दगड तशाच वाकलेल्या रेघेने जाऊन खाली येतो.

मग डोक्यात लख्ख उजेड पडला. थेंबाला वजन असतं! तो सरळ जातच नाही, वाकत खाली येतो. सरळ ताणलेला दोरा खऱ्या जागेपेक्षा वरची जागा दाखवणार. पोरांना शिकवताना घसा कोरडा करते आणि भावाच्या वेळी तेच विसरले होते.

"काका..." माझ्या तोंडून निघालं.

सगळे दोरे एका झटक्यात ताठ झाले.

पुढे कोर्टात दोऱ्यांचा झोल कोणी सांगितला नाही, सांगून चाललंही नसतं. नागपूरच्या तज्ज्ञाने थेंबाचं वजन धरून हिशेब मांडला. रक्त खालून उडालं, माणूस बसलेला होता. पोलिसांची गोष्ट टिकली नाही. संघदीप सुटला.

आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवत सगळी गल्ली गोळा केली. मला वाटलं, संपलं.

चार-सहा दिवसांनी, ऐन दुपारी, मी अंगणात आले. कपडे वाळत घालायची दोरी रिकामी होती.

आणि तिला मधोमध झोल पडला होता.

खाली फरशीवर उकिडवा माणूस बसला तर त्याच्या डोक्याला लागेल, एवढा.

संघदीप पाण्याची बादली घेऊन आला. तिथे आला आणि खाली न बघता, सहज वळसा घालून गेला. घरात खाट असली की आपण जातो तसा.



"संघदीप... तिथं काहीच नाही. मग वळसा कायले घातला?"

तो थांबला. बादली खाली ठेवली.

"बादली लागन ना त्यायले," तो म्हणाला. "रोजच असतात, ताई. वर पाह्यत."

वर पाहत.

जेलमध्ये तो म्हणाला होता, मान खाली घातलेली होती. प्रत्येक वेळी तेच म्हणाला होता.

माझ्या दोऱ्यांनी उंची काढली. बसलेला माणूस पट्ट्याकडे वाकला होता, की समोर उभ्या असलेल्या कोणाकडे मान वर करून बघत होता, हे दोऱ्यांनी कधीच सांगितलं नाही.

काका माझ्या भावाला वाचवायला आले होते, की मला काही दाखवायला?

संघदीप आजही आमच्याच घरात राहतो. चांगला आहे, आईचं सगळं करतो.

मी त्याच्यासमोर कधी खाली बसत नाही.