बटणांचा डबा

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते. माझ्या गोष्टीत रात्र नाही. जे घडलं ते लख्ख उजेडात, वडिलांच्या घराशेजारच्या शेडमध्ये घडलं, आणि मी पूर्ण शुद्धीत होतो. विश्वास ठेवायचा तर ठेवा.

मी गाड्यांचा मेकॅनिक आहे. वीस वर्षं हेच काम करतोय. गल्लीत मला ‘पाना’ म्हणतात. कसलाही बिघाड असो, मी शोधून काढतो. फक्त हा एक सोडून.

आई जाऊन दीड महिना झाला होता. सोमवारी सकाळी साडेनऊला बाबांचा फोन आला.

“अरे, गाडी चालू होत नाहीये. गुरुवारी मला तुझ्या आत्याकडे जायचंय.”

“मी सोडतो ना, बाबा.”

“का? मी काय म्हातारा झालोय?”

झाले होते. पण मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार?

गेलो. बाबांची गाडी तीस वर्षांची. बाबांना स्टिअरिंगवर बसवलं आणि मी बॉनेट उघडलं. सेल्फ जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी ठीक. पेट्रोल येत होतं. एक प्लग काढून वायरला लावला, इंजिनच्या लोखंडाला टेकवला.

“मारा!”

ठिणगी नाही.

मग कॉइलमधून येणारी जाड वायर काढून लोखंडाजवळ धरली. “मारा!” तिथे निळी ठिणगी कडकडली. म्हणजे कॉइल करंट देत होती, पण तो प्लगपर्यंत पोचत नव्हता. मधे उरला डिस्ट्रिब्युटर.

त्याचं झाकण दोन क्लिपांवर बसतं. टक... टक. उघडलं.

आत रोटर नव्हता.

रोटर म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा काळा तुकडा, वर पितळी पट्टी. फिरत फिरत एकेका प्लगला करंट वाटतो. तो काढला की बाकी सगळं ठणठणीत असूनही गाडी जागची हलत नाही.

मला हसू आलं, आणि डोळेही भरले. ही युक्ती आईला मीच शिकवली होती. दोन वर्षांपूर्वी गल्लीतून एक गाडी चोरीला गेली, तेव्हा तिने विचारलं होतं, “अशी गाडी न्यायला कुणाला जमू नये म्हणून काय करायचं रे?” मी रोटर काढून दाखवला. तिच्या बोटांत संधिवात होता, क्लिप ओढवत नसे. तिने शिवणाच्या निळ्या दोऱ्याचा फास केला, क्लिपमध्ये अडकवला आणि ओढला. मी म्हटलं, तू तर माझ्या पोटावर पाय देणार!

आत्ताही क्लिपमध्ये निळ्या दोऱ्याचा तुकडा होता.

जाण्याआधी तिनेच काढून ठेवला असणार, असं मी धरून चाललो. दुकानातून नवा रोटर आणला, बसवला, गाडी चालू झाली. शेड बंद करून निघालो आणि चुकून शटरची किल्ली खिशातच राहिली.

मंगळवारी ती परत द्यायला गेलो. शटर मीच वर केलं. बाबांनी सेल्फ मारला.

गाडी चालू होईना.

झाकण उघडलं. रोटर नव्हता... आणि झाकण आतून पुसलेलं होतं. काल त्यात काळी धूळ होती, मी बघितली होती. आता घासलेल्या वाटीसारखं स्वच्छ.

क्लिपमध्ये दोरा. निळा.

शेडला एकच दार. किल्ली एकच, तीही रात्रभर माझ्या घरी. आणि बाबांनी जन्मात बॉनेट उघडलेलं नाही, त्याची कळ कुठे असते हेही त्यांना ठाऊक नाही.

मी त्यांना काही बोललो नाही. दुसरा रोटर बसवला आणि किल्ली मुद्दाम परत खिशात घातली. बुधवारी दुपारी पुन्हा गेलो.

तोही नव्हता.

मग मात्र मी चिडलो. तिसरा रोटर घेतला, त्यावर कानशीने फुली मारली, बसवला, दोन्ही क्लिपा लावल्या. बॉनेट बंद केलं. समोर स्टूल टाकून बसलो. शटर उघडं होतं, बाहेर पायरीवर बाबा पेपर धरून बसले होते, मला दिसत होते. घरात तिसरं कुणी नव्हतं.

पाच मिनिटं गेली. दहा गेली.

स्वतःचंच हसू यायला लागलं. चाळिशीचा बाप्या भरदुपारी गाडीवर पहारा देतोय.

आणि मग...

टक.

बॉनेटच्या आतून.

...टक.

उठावं असं वाटत होतं, उठवत नव्हतं.

मग घरातून, आतल्या खोलीच्या खिडकीतून, पत्र्याचा डबा खुळखुळल्याचा आवाज आला. आईचा बटणांचा डबा. लहानपणापासून ऐकलेला आवाज, चुकणं शक्य नाही.

बाबांनी पेपर खाली केला नाही. नेहमीच्या आवाजात म्हणाले, “शिवायला बसली वाटतं.”

मग त्यांचं त्यांनाच कळलं काय बोललो ते. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

बॉनेट उघडायची गरज नव्हती. तरी उघडलं. रोटर नव्हता.

मी आत गेलो. शिलाई मशीनच्या खणात डबा होता. बटणांवर चार रोटर. एक जुना, झिजलेला. तीन नवे, आणि त्यातल्या एकावर फुली. त्याच्यावर माझ्या बोटाचं ग्रीस अजून ओलं होतं.

खाली घडी घातलेला कागद होता. डोळ्यांच्या डॉक्टरची दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी, बाबांची. काचबिंदू. दोन्ही बाजूंची नजर कमी. गाडी चालवू नये.

बाबांपुढे ती धरली.

“समोरचं दिसतं रे,” ते म्हणाले. “बाजूचं दिसत नाही. ती शेजारी बसायची. डावीकडून सायकल आली, उजवीकडे पोरगं आहे, असं सांगत राहायची. ती बरोबर असली तरच गाडी चालू व्हायची. मला वाटायचं, जुनी गाडी आहे, तिचे नखरे.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“तू गाडीची किल्ली काढून घेतली असतीस.”

घेतली असतीच. त्या दिवशी त्यांनी ती स्वतःच माझ्या हातात ठेवली. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

गुरुवारी आत्याकडे त्यांना मीच घेऊन गेलो, माझ्या गाडीतून. तीही जुनीच आहे. निघताना डावा आरसा शेडच्या खांबाला लागून तुटला. खांबाला दोन शिव्या घातल्या आणि पुढे गेलो.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती.

गेल्या सोमवारी लेकीला शाळेत सोडताना ती शेजारून एकदम ओरडली. मी करकचून ब्रेक मारला. डावीकडून एक सायकलवाला आला होता, बॉनेटला हात टेकून उभा होता.

“बाबा, तुम्हाला तो दिसला नाही?”

“अचानक आला गं.”

“अचानक नाही. कधीचा येत होता.”

मंगळवारी सकाळी आम्ही दोघं गाडीत बसलो. सेल्फ मारला. इंजिन नुसतंच फिरत राहिलं.

मी काही तपासलं नाही. ना बॅटरी, ना पेट्रोल, ना प्लग. सरळ झाकणाला हात घातला.

आतून स्वच्छ पुसलेलं होतं.

क्लिपमध्ये दोरा होता.

आज शनिवार. नवा रोटर माझ्या खिशात आहे, बसवलेला नाही. गॅरेजमध्ये गिऱ्हाइकांच्या गाड्या चालवून बघायचं काम मी दुसऱ्याकडे दिलंय, कंबर दुखते असं सांगून. बाबांकडे गेलो होतो, पण तो डबा उघडून बघायची हिंमत झाली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडेही अजून गेलेलो नाही. आईची भीती वाटत नाही मला. तिचं खरं निघेल याची वाटते.

लेकीला आता चालतच शाळेत सोडतो. तिला माझ्या उजव्या हाताला ठेवतो. डावीकडे आली की ती मला दिसत नाही.