शेजारच्या काकूंचा आवाज

दादरच्या त्या दुसऱ्या मजल्यावर दोन दारं होती. अनुजाने नेमकं चुकीचं ठोठावलं, आणि मागून कोणीतरी हसत म्हणालं, "तो दाताचा दवाखाना. स्टुडिओ इकडे!"

वरदच तो. आवाजावरूनच तिने ओळखलं. विज्ञानातल्या करिअरवरच्या एका पॉडकास्टचं रेकॉर्डिंग तो सांभाळायचा. परळच्या प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या अनुजाने त्यासाठी लालबागच्या घरूनच, मोबाइलवर मुलाखत दिली होती.

"मागे कोणीतरी सारखं बोलतंय," परवा फोनवर तो म्हणाला होता. "ते पुसलं की तुमचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. कोण आहे?"

आई होती. खोकल्याचं औषध शोधत होती. पण अनुजाच्या तोंडून निघून गेलं... "शेजारच्या काकू. गावठी आहेत हो, कळत नाही त्यांना."

म्हणून तीच उत्तरं आज स्टुडिओत कागदावरून पुन्हा वाचायची होती. आता वरदने माइक तिच्या ओठांजवळ आणला.

"'तू' म्हटलं तर चालेल?"

"माइकला विचार," ती लाजून म्हणाली.

इतक्यात बेल वाजली. दारात आई, घामाघूम.

"गो अनू, चष्मो घराकच रवलो तुजो! वाचतलंस कशी?"

वरदने चमकून पाहिलं. अनुजाचे कान तापले. चष्मा तिच्या हातात देऊन आई लगबगीने निघूनही गेली.

"वरद... ती शेजारची नाही. माझी आई आहे."

"कळलं. दोन दिवस तोच आवाज ऐकतोय."

"मुलाखतीत म्हणते, आईमुळे इथवर आले. आणि तुला मात्र— रागावलास?"

"राग नाही. वाईट वाटलं."

तो रागावला असता तर बरं, असं तिला झालं. ती तशीच उठली, धडधडत जिना उतरली आणि आईचा हात धरून तिला वर घेऊन आली.

"ही माझी आई, ललिता. आई, हा वरद."

"माजा हंय काय काम गो?" आई अवघडून खुर्चीच्या कडेवर टेकली.

रेकॉर्डिंग संपलं. हेडफोन काढताना अनुजाच्या केसांत अडकले. ते सोडवताना वरद हळूच म्हणाला, "उद्या भेटशील?... कामाशिवाय."

तिची मान वर होईना. "मी अशी वागले, तरी?"

"जिना कशी उतरलीस, तेही पाहिलंय मी."

मग तिने वर पाहिलं.

"उद्या नको... आत्ताच. आधी आम्हा दोघींना चहा पाज."