चिहायाची जागा

क्योतोतल्या आमच्या गल्लीत मी पाहुण्यांना फिरवायची. विणकरांची घरं, सामाईक विहीर, कोपऱ्यातला दगडी जिझो. तो मुलांचा राखणदार. गेलेल्या मुलांना पलीकडेही तोच नेतो. त्या दिवशी मात्र जिझोचा इथला शेवटचा सण होता. गल्ली पाडून हॉटेल होणार होतं. देव देवळात जाणार होता आणि मी ओसाकाला, वृद्धाश्रमात.

दिवस कलताना देवापुढे चटया पसरल्या. पूर्वी इथे पोरांचा नुसता कालवा असे. गोल बसून ती लाकडी मण्यांची भलीमोठी माळ हातोहात फिरवत. आता आम्ही म्हातारेच उरलो होतो. वर एकच लाल कंदील, माझ्या लेकीच्या नावाचा. चिहाया पाच वर्षांची असताना तापात गेली. तरी दर सणाला मी तिचा कंदील टांगायची आणि माझ्या डावीकडे तिची जागा ठेवायची.

टोकियोहून आलेल्या पाहुण्या मिनागावाबाई नेमक्या तिथेच बसायला गेल्या.

"अहो बाई, ती जागा भरलेली आहे," शेजारचे गेन्झो-सान म्हणाले. "इकडे या. मी काही चावत नाही."

माळ फिरू लागली. उदबत्तीचा वास, मण्यांची खळखळ. चिहायाच्या रिकाम्या जागी माळेला झोळ पडत नाही, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कोणी नसे. मिनागावाबाईंनी ते पाहिलं आणि त्या पांढऱ्याफटक पडल्या.

कपाळाला लावायचा मोठा मणी त्या जागी आला. थोडा वर उचलला गेला... आणि तिथेच थांबला.

"सोड गं पोरी," गेन्झो-सान हलकेच म्हणाले. "आजोबांचे हात दुखले."

माळ ताठच.

पुढच्या सणाला तिच्यासाठी इथे कोणीच नसणार होतं.

"चिहाया... आई चालली गं. तू जिझोबरोबर जा. सोड, राजा..."

मणी हळूच खाली आला. त्या जागी माळेला पहिल्यांदाच झोळ पडला. मी हमसून हमसून रडले.

उठताना किमोनोची डावी बाही जड लागली. कशात तरी अडकली असेल, असं वाटलं.

इथे ओसाकाच्या खोलीत तो किमोनो खुंटीला टांगलाय. वारा आला की उजवी बाही हलते. डावी मात्र खाली ताणलेलीच राहते. "जा गं बाळा," मी रोज सांगते, आणि अंथरूण त्या बाहीखालीच घालते.