वाफ सोडणारी विहीर

"बुजवायची म्हणजे बुजवायची," पिराजी गवंडी ठासून म्हणाला आणि जमलेल्या माणसांनी माना डोलावल्या.

मेहमुदा विहिरीच्या काठावर मुठी आवळून उभी होती. शहरातल्या मंगळवार पेठेतल्या शाळेला सुट्टी लागल्यावर ती आणि धाकटा मौला गगनबावड्याच्या वाटेवरच्या या वाडीत आले होते. त्यांचे अब्बा, इलाही, इथल्या नव्या विहिरीत सुरुंग लावायचं काम करत. तीस फुटांवर पाझर लागला होता. आणखी दहा फूट गेलं की वाडीला बारमाही पाणी मिळणार होतं. पण सोमवारी आणि मंगळवारी खडकाच्या भेगेतून पांढरी वाफ फुसफुसत बाहेर आली आणि कामकरी शिडीवरून धडपडत वर पळाले.

कोयनेचा भूकंप होऊन सहाच महिने झाले होते. 'ज्वालामुखी' हा शब्द कुणी उच्चारायचा अवकाश, सगळ्यांना तो पटला. इलाहीच्या सुरुंगानंच त्याचं तोंड उघडलं, असंही ठरून गेलं. जागेचे मालक गणपतराव यांनी उद्या सकाळी विहीर बुजवू म्हणून सांगितलं, आणि इलाहीला दुसरीकडे काम बघायला. इलाही खाली मान घालून निघून गेला. जमिनीत आग लावणारा म्हणून नाव झालेल्या माणसाला पुन्हा कोण बोलावणार, हे मेहमुदाला न सांगता कळत होतं.

"खरंच हाय का गं आत ज्वालामुखी?" ज्ञानूनं विचारलं. हा गणपतरावांचा मुलगा, तिच्याच वयाचा.

मेहमुदानं काटकी घेऊन धुळीत चित्रं काढली. ज्वालामुखी काही एकाच जातीचे नसतात, ती सांगू लागली. एखाद्याचा लाव्हा गुऱ्हाळातल्या आळत आलेल्या काकवीसारखा घट्ट. तो घशातच अडकतो, आतला वायू कोंडतो आणि मग स्फोट. राख-दगड साचून उभा, टोकदार डोंगर होतो. दुसऱ्याचा लाव्हा पातळ. तो तोंडातून वाहत लांब जातो, म्हणून डोंगर पालथ्या परातीसारखा पसरट. तिसऱ्याला तर डोंगरच नाही. जमीन मैलोन्‌मैल फाटते आणि पातळ लाव्हा थरावर थर पसरत जातो.

"आपला सह्याद्री या तिसऱ्यातला," ती म्हणाली. "विहिरीच्या भिंतीत काळा खडक, मग तांबडा पट्टा, पुन्हा काळा दिसतो ना? काळा म्हणजे लाव्ह्याची एकेक लाट. दोन लाटांच्या मधल्या काळात खडकाची माती झाली. ती पुढच्या लाटेनं भाजून निघाली, तोच तांबडा पट्टा. हे सगळं कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंड झालंय."

"मग तुझ्या थंड खडकाला घाम कसा फुटला?"

ज्ञानू हसला, तशी ती आणखीच हट्टाला पेटली. ती काठावर बसून भेगेकडे बघत राहिली. बघता बघता तिच्या लक्षात आलं, की आज बुधवार आणि आज वाफ मुळीच नाही. आज वेगळं काय झालं? आज कुणी इंजिन लावून तळाचं पाणी उपसलं नव्हतं.

तिघं पाण्याच्या पाइपामागं चालत गेले. कांद्यात पाणी शिरतं म्हणून सोमवारीच पाइपाचं तोंड वळवलं होतं, असं ज्ञानूला आठवलं. तेव्हापासून उपसलेलं पाणी बाभळीखालच्या भुसभुशीत मातीत सुटत होतं.

"आपा, इथं दिवाळीला भिंती रंगवल्यागत वास येतोय," मौला म्हणाला.

मेहमुदानं त्याला काठावर भेगेवर नजर ठेवायला बसवलं. ती आणि ज्ञानू घागरीनं पाणी आणून बाभळीखाली ओतू लागले. सहा घागरी झाल्या, काही नाही. ज्ञानूचे खांदे भरून आले, पुरे म्हणाला. मेहमुदानं त्याच्या हातातली घागर काढून घेतली आणि एकटीच निघाली. मग तोही मागून आला. अकराव्या घागरीनंतर मौलाची हाक आली.

"आली! वाफ आली!"

ज्ञानू धावत जाऊन वडिलांना घेऊन आला. पाठोपाठ पिराजी आणि निम्मी वाडी आली. मेहमुदानं कुणालाही हात लावू दिला नाही; खोऱ्यानंच माती ओढायला लावली. वीतभर खाली पांढरी ढेकळं निघाली. काही फुटून पीठ झालेली, काही अजून सुकी. तिनं एक सुकं ढेकूळ घमेल्यात टाकायला लावलं, सगळ्यांना मागं सरकवलं आणि लांबून पाणी ओतलं. ढेकूळ सुसू करत तडकलं, घमेलं खदखदू लागलं आणि वाफेचा लोट उठला.

"कळीचा चुना!" गणपतराव म्हणाले. "पिराजी, हा कुणाचा?"

"माझाच," पिराजी डोकं खाजवत म्हणाला. विहिरीच्या बांधकामासाठी आणलेला चुना पावसाची ओल लागू नये म्हणून त्यानंच जुन्या खड्ड्यात पाला-माती टाकून पुरला होता. पाइपाचं तोंड तिकडं वळलेलं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. पाणी पडलं की चुना उकळायचा आणि वाफ खडकाच्या भेगेनं विहिरीत निघायची.

"आन्‌ बुजवा म्हणून सगळ्यात मोठ्यानं वरडलास तूच की," ज्ञानूची आई बाळाबाई म्हणाली. माणसं पोट धरून हसली.

गणपतराव हसले नाहीत. गलका ऐकून इलाहीही परत येऊन गर्दीमागं उभा होता; ते तडक त्याच्यापाशी गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "इलाहीभाई, चुकलो आम्ही. जमिनीत काय हाय ते आम्ही न बघताच बोललो. तुमच्या लेकीनं बघितलं. उद्या सकाळी सुरुंग तुम्हीच लावायचा."

"उद्या कशाला?" इलाही म्हणाला. "अजून उजेड हाय."

त्यानं मेहमुदाच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, पहार खांद्यावर घेतली आणि शिडीवर पाय ठेवला. त्याच्यामागून एकेक करत सगळे कामकरी खाली उतरले.