पाच तासांचं विमान

पाऊस चुकवायला तो आमच्या तिकिटांच्या ऑफिसात शिरला आणि चष्म्याच्या काचा पुसत उगाचच भिंतीवरचा नकाशा बघू लागला. समोरच्या चष्म्यांच्या दुकानाचा मालक. रोज दिसायचा, बोललो कधीच नव्हतो.

"माझी ताई इथे असते," त्याने नकाशाच्या पार डाव्या कडेला बोट ठेवलं. "किती लांब असेल हो?"

"बारा हजार किलोमीटर."

"आणि वेळ?"

मावशी, म्हणजे आमच्या मालकीणबाई, जेवायला गेलेल्या. मी नोकरीला नवीकोरी. पण तो असा बघत होता, की 'थांबा, विचारून सांगते' म्हणायला जीभ रेटेना. "सकाळी नऊला निघतं, दुपारी दोनला पोचतं. पाच तास!"

"पाच?" तो हसला... आणि काय सांगू, मी विरघळलेच.

मग तो रोजच येऊ लागला. खिडकी मिळेल का, जेवायला काय देतात... प्रश्न संपतच नव्हते.

"तुमचं दुकान कोण बघतं?" मी एकदा विचारलं.

"इथून दिसतं की! आणि इथून बरंच काही दिसतं."

ताईचं बाळंतपण जवळ आलं होतं. आईचे गुडघे दुखायचे, पण पाचच तास म्हटल्यावर ती तयार झाली, असं त्याने सांगितलं. तिकीट निघालं.

आणि आज मावशी एका गिऱ्हाइकाला समजावत होत्या, की पोचायची वेळ तिथल्या घड्याळाची असते. तिथलं घड्याळ साडेनऊ तास मागे. म्हणजे प्रवास साडेचौदा तासांचा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच रस्ता ओलांडून त्याच्या दुकानात गेले.

"साडेचौदा तास लागतात," मी खाली मान घालून म्हटलं. "माझं चुकलं. आईंना..."

"मला माहीत होतं. ताईकडे मी दोनदा जाऊन आलोय."

शरमेने माझे कान तापले. "म्हणजे रोज माझी मजा बघायला येत होतात?"

"नाही हो—" त्याचा चेहराच उतरला. "खरं कळलं असतं तर आई जायला तयारच झाली नसती. म्हणून तुमच्या चुकीआड लपलो. लाज मला वाटायला हवी."

"मग चला, आत्ता सांगू त्यांना."

"काही नको सांगायला," मागच्या खोलीतून आवाज आला. गुडघा धरत आई दारात उभ्या राहिल्या. "लेक अडलेली असताना मी तास मोजत बसेन? हेच ओळखलंस आईला?"

त्याची मान खाली गेली. माझी तर वर आलीच नव्हती.

"जाणार मी. विमानात उठून चार पावलं टाकेन." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू गं? दोनदा जाऊन आलेला माणूस रोज तुला वाट विचारायला येतो, याचा अर्थ अजून कळला नाही?"

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आवडता तुम्ही मला," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

आईंच्या देखत! कुठे तोंड लपवू, असं झालं. पण पाय काही तिथून निघेनात.

"मलाही..." मी म्हटलं. इतक्या हळू, की आईंनी त्यालाच विचारलं, "काय म्हणाली रे?"