विझलेल्या दिव्यांची खूण

तीन दिवे पेटले की खटका ओढायचा, की विझले की? सोपं वाटतं ना? काल वेणूच्या बाबांनाही सोपंच वाटलं होतं.

पठारावरच्या दोन पवनचक्क्यांची वीज जोडायचं काम यंत्रमानव करायचा. वादळात तो जळाला आणि कोपऱ्यात नुसता ठोकळा होऊन उभा राहिला. पात्यांची देखभाल करणाऱ्या बाबांनी मग स्वतःच खटका ओढला. पहिली चक्की मोडून त्यांच्या अंगावर पडली. आता बाबा दरीतल्या दवाखान्यात श्वासयंत्रावर होते आणि तिथली वीज क्षीण होत चालली होती. उरली होती एकच चक्की.

"बाबांचं काय चुकलं, आत्या?" वेणूने विचारलं. कमलआत्या वीजशास्त्रज्ञ. आजच शहरातून धावत आली होती.

"तिन्हीसांजेला दिवा लागला की आपण काय करतो?"

"हात जोडतो."

"तेच. दिवे लागले, दादाला शुभ वाटलं, ओढला खटका. वेडा माझा दादा!" आत्याला रडू आवरेना. डोळे पुसून ती म्हणाली, "फिरत्या दोरीत उडी मारायला कशी शिरतेस?"

"ताल धरून. नाहीतर दोरी सपकन पायावर बसते."

"ग्रिड (सगळ्या वीजकेंद्रांना जोडणारं तारांचं जाळं) म्हणजे ती दोरी. तिच्यातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. आपल्या चक्कीचे हेलकावे तितकेच हवेत, आणि चढउतारही एकाच वेळी. हे समकालन (ताल जुळवणं). दिवे टांगलेत या दोन विजांच्या मध्ये. ताल चुकला की दोघींत फरक पडतो, दिवे पेटतात. जुळला की फरकच उरत नाही."

"म्हणजे उजेड म्हणजे भांडण?"

"हो गं बाई."

आत्याने पात्यांचा वेग कमीजास्त करणारी चाकी धरली. ती सोडली तर वेग बिघडणार, म्हणून खटका वेणूकडे आला. दिवे भराभर लुकलुकत होते. आत्या चाकी हळूहळू फिरवू लागली, तशी लुकलुक संथ झाली. दिवे झगझगीत पेटले आणि वेणूचा हात आपोआप उठला. तिने तो मागे घेतला. तिला भयंकर भीती वाटत होती. दिवे मंदावले, तांबूस झाले, विझले.

तिने खटका ओढला.

धक्का नाही, आवाज नाही. दिवे विझलेलेच राहिले. खाली दवाखान्याच्या खिडक्या उजळल्या.

"बाबा बरे होतील?"

"ठाऊक नाही. पण त्याचं यंत्र चालू राहील. उद्या मोडलेली चक्की बघू. तूही ये."

वेणूने त्या तीन काळ्या दिव्यांना हात जोडले.