चौदाचा टॉम

प्रवीण, ती ड्रमची चावी ठेव खाली थोडा वेळ. टॉमचा ड्रम मंग सुरात लाव. नाटकाची घंटा साडेदहाले आहे, आता तर आठच वाजले. या सारे इकडं, शेकोटीजवळ. अनुपनं ड्रम काहून सोडले म्हणून तुम्ही पोरं सदानकदा विचारता ना, तर आज आयका. माह्या संगं पाच सीझन वाजवलं त्यानं. मी ऑर्गनवर, तो उजव्या बाजूले ड्रमवर. दारू नाही, गप्पा नाही, खोटं बोलणं नाही, असा पोरगा.

पंचवीस सालचा जानेवारी. सतरा तारीख, शुक्रवार. शंकरपटाच्या, बैलांच्या शर्यतीवेळच्या प्रयोगांसाठी आमचा मुक्काम दिघोरीले होता, अन् त्या दिवशी सुट्टी होती. संध्याकाळी सहा वाजता अनुप मोटरसायकलनं कारध्याले निघाला. मांगं चादरीत गुंडाळलेला चौदा इंची टॉम बांधला होता. ज्याच्याकडून आणला त्याले परत द्यायचा अन् वापस यायचं, एवढंच काम.

तो टॉम आणला तोच माह्यामुळं. अनुपच्या सेटले दहा इंची टॉम होता, बाराचा होता अन् मंग एकदम सोळाचा, जमिनीवर उभा राहते तो फ्लोअर. दहा-बारा जमून जाये, पण बारावरून सोळावर आला का आवाज धपकन खाली पडे. जिना उतरताना मधली पायरीच नसावी, तसं वाटे. मी त्याच्या मांगं लागलो, "मधात चौदाचा टाक बे, त्याशिवाय विजांच्या सीनले मजा नाही." त्यानं शोध शोध शोधला. शेवटी कारध्याच्या केशवरावांकडं भेटला. त्यांचा पुतण्या वीरेंद्र ऑर्केस्ट्रात वाजवे, तो मेला, त्याचा टॉम. केशवराव म्हणे, "आमची वहिनी पोरीकडं गेली हाय. ती यायच्या आधी घेऊन जा बापा." कायले, ते अनुपनं विचारलं नाही. चांगला टॉम फुकटात भेटला तर कोण विचारते? तुम्हीबी विचारलं नसतं.

आल्या आल्या आम्ही तो लावाले बसलो. काठी पडते ते वरचं ताणलेलं पान जुनं, वाजवून वाजवून मधात दबलेलं. आवाज बाराच्या लय जवळ जाये अन् सोळाशी त्याचं काही जुळेच ना. मीच म्हटलं, "पान बदल." अनुपनं नवं पान चढवलं, पान दाबून धरणाऱ्या कडीचे समोरासमोरचे बोल्ट चावीनं थोडे थोडे आवळले, एकेका बोल्टजवळ टिचकी मारून पाहिली, अन् त्याले बारा-सोळाच्या बरोबर मधात आणून बसवलं. दहावरून सोळापर्यंत काय रोल उतरत होता मंग! जुनं पान शेकोटीत गेलं. मीच टाकलं. त्याची रुखरुख अजून जात नाही.

चौथ्या दिवशी केशवरावांचा फोन आला. त्यांची वहिनी, म्हणजे वीरेंद्रची माय शकुनबाई, घरी परतली होती. टॉम दिसला नाही तवापासून तिनं अन्नाले हात लावला नव्हता. केशवराव म्हणे, "आणून दे बापा. माह्यंच चुकलं." म्हणून तो त्या शुक्रवारी निघाला.

कारध्याले पोचला तवा आठ वाजले होते. शकुनबाई ओसरीत बसून होती. तिनं टॉम जवळ ओढला, चादर काढली अन् पानाच्या मधात एक टिचकी मारली.

"हा नोहे," ती म्हणाली.

"टॉम थोच हाय मावशी. पान बदललं फक्त."

"जुनं कोठं हाय?"

अनुप चादरीची घडी घालत बसला. शकुनबाईले समजलं. ती म्हणाली, "मंग लाव पहिल्यासारका. मले आवाज ध्यानात हाय."

अनुप चावी घेऊन बसला. तो पाव फेरा देई, टिचकी मारी, अन् ती म्हणे, "नाही. वर घे." पुन्हा फेरा, पुन्हा टिचकी. "आता लयच झाला. उतरव." नऊ वाजले, दहा वाजले, केशवराव आत जाऊन झोपले. अनुपले पहिले वाटलं, म्हातारी उगाच काहीबी बोलून राहिली. पण नाही. एक बोल्ट केसभर जरी ढिला असला तरी ती बरोबर त्याच्याकडं बोट दाखवे. आपला वाजवणाऱ्यांचा कान म्हणतो ना आपण, तिचा त्याच्यावरचा होता.

साडेअकराले त्यानं विचारलं, "मावशी, एवढा बारीक कसा ध्यानात राहिला तुले?"

ती सांगू लागली. "दोन वर्सं झाले, गणपतीत. ऑर्केस्ट्राची गाडी रातच्यानं वापस येत होती. वीरू मांगं, बंद डब्यात, सामानासंगं. गावाबाहेरच्या नाल्याले पूर होता. गाडी त्याच्यात गेली. डायवर बाहेर फेकला गेला. मांगचं दार अडकलं..."

तिनं दोन्ही हात पदरात घेतले.

"पाणी चढत होतं. त्यानं हा वाजवला. अर्धा घंटा वाजवला. साऱ्या गावानं आयकला. मीनंबी आयकला. मले वाटलं, वाजवत येऊन राहिला माहा वीरू..."

"मंग?"

"मंग काय. उठली अन् भात टाकला."

अनुपले तिथून पळून यावं वाटत होतं. पण चावी चौथ्या बोल्टवर होती. त्यानं फेरा दिला. पावाचाबी पाव.

ठम.

"हा!" शकुनबाई म्हणाली. "हाच!"

पोरांनो... अनुपनं टिचकी मारलीच नव्हती.

एक हात चावीवर. एक टॉमच्या कडीवर. शकुनबाईचे दोन्ही हात पदरात.

ठम... ठम.

आतून.

"काढ," ती म्हणाली. "काढ ना रे... आत हाय थो."

सहा बोल्ट. त्यानं पहिला काढला. ठम ठम ठम. दुसरा. चावी घसरली. पुन्हा लावली. ठम ठम. "लवकर रे... लवकर..." तिसरा. आवाज बसत चालला. बोल्ट ढिले होत होते म्हणून, का वाजवणारा थकत होता म्हणून... त्याले समजलं नाही. चौथा.

ठम.

पाचवा.

...

सहावा.

काही नाही.

त्यानं पान उचललं. आत रिकामं. कोरडं लाकूड. शकुनबाईनं कोपरापर्यंत हात घातला. चाचपलं. पुन्हा चाचपलं. मंग हात बाहेर काढून पदराले पुसला.

"याबी बारीले उशीर झाला," ती म्हणाली.

रडली नाही. उठली, घरात गेली, आतून कडी लावली. केशवराव सांगत होते, त्यानंतर तिनं टॉमकडं पाहिलंबी नाही. जेवण सोडलं ते सोडलंच. होळीच्या आधी गेली. कोणाचाच काही इलाज चालला नाही, अन् चालणारबी नव्हता. अनुप आता सिहोऱ्याले सासऱ्याच्या धानात राबते. त्याले बोलवाले जाऊ नका, तो येणार नाही.

त्याच रात्री, पहाटे तीनले, त्यानं माह्यं दार वाजवलं. टॉम कारध्यालेच राहिला होता, पण पान त्याच्या हातातच होतं. एवढ्या थंडीत साठ किलोमीटर ते तसंच धरून आला होता. मी ते बल्बखाली धरलं. काठी वरून पडते, म्हणून पानाले खळगे पडतात ते खाली दबलेले. ते होतेच, चार दिवसांच्या वाजवण्याचे. पण मधात चार टेंगळं होती. जवळ जवळ, एका रांगेत. मी माही मूठ वळली अन् त्यावर ठेवून पाहिली. चार बोटांची हाडं चारी टेंगळांवर बरोबर आली.

ती टेंगळं आतून वर उठली होती.